ब्रिज: हातात दोन रंग आले, पण भिडूला सांगायचं कसं?

ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या पुरुष ब्रिज संघानं रौप्यपदक जिंकलं. संघात मुंबईचे जग्गी शिवदासानी होते, अंतिम सामना हाँगकाँगशी झाला. त्याआधी 2018 मध्ये जकार्ताला प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीनं सुवर्णपदक आणलं, तेव्हा बर्धन 60 वर्षांचे होते. 'पत्ते कुटून पदक मिळतं?' हा प्रश्न दोन्ही वेळा विचारला गेला आणि दोन्ही वेळा तो तिथेच संपला.

पत्ते 'कुटणं' हा ब्रिजचा निम्माच भाग आहे. पहिलं पान पडण्याच्या आधी टेबलावर एक संभाषण होतं आणि अनेक सामन्यांचा निकाल तिथेच फिरतो. त्या संभाषणातला एक तुकडा असा आहे, ज्यावर जगभरच्या जोड्या वर्षानुवर्षं वाद घालतात. विरोधकांनी बोली सुरू केली आहे आणि तुमच्याकडे दोन लांब रंग आहेत. हे समोर बसलेल्या भिडूला कसं कळवायचं?

प्रश्न दिसतो तांत्रिक, पण त्यात स्मरणशक्ती आहे, नियम आहेत आणि विरोधकांना काय कळण्याचा हक्क आहे हा मुद्दाही आहे.

आधी थोडं बोलीबद्दल

घरी तीनशे चार खेळलेल्यांना बोली नवी नाही. ब्रिजमध्ये चार खेळाडू असतात, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकाला 13 पानं. एक हात म्हणजे चौघांचं एकेक पान, म्हणजे डावात एकूण 13 हात. बोलीतला आकडा सहाच्या वरचे हात सांगतो. '1 बदाम' म्हणजे बदाम हुकूम करून 7 हात, '4 बदाम' म्हणजे 10 हात. रंगांचा चढता क्रम किलवर, चौकट, बदाम, इस्पिक असा आणि सगळ्यांच्या वर नो-ट्रम्प, म्हणजे बिनहुकमी डाव. पुढची बोली आधीच्या बोलीपेक्षा वरचीच असावी लागते.

बोलीची भाषा एवढीच: 1 ते 7 आकडे, पाच प्रकार, म्हणजे 35 बोल्या. शिवाय पास, डबल आणि रिडबल. यापलीकडे शब्द नाही, भुवई उंचावणं नाही, खोकणं तर नाहीच. एवढ्या तुटपुंज्या शब्दसंग्रहात 13 पानांचं वर्णन बसवायचं असल्यामुळे जोड्या काही बोल्यांना आपापसात ठरवलेले कृत्रिम अर्थ देतात.

आता एक उदाहरण घेऊ. तुमच्या उजवीकडच्या खेळाडूनं 1 बदाम म्हटलं आणि तुमची पानं अशी आहेत: इस्पिक राजा, राणी, 10, 8, 3; बदाम फक्त 4; चौकट एक्का, गुलाम, 9, 7, 2; किलवर 6, 5.

एक्क्याला 4, राजाला 3, राणीला 2, गुलामाला 1 असे गुण मोजले तर हे फक्त 10 गुण आहेत. गड्डीत एकूण 40 असतात. तरी ही पानं गुणांपेक्षा बरीच ताकदवान आहेत, कारण 13 पैकी 10 पानं दोनच रंगांत आहेत. या दोनपैकी कुठलाही रंग भिडूकडे जमला की डाव उभा राहतो.

साधा मार्ग म्हणजे '1 इस्पिक' म्हणायचं आणि चौकट पुढच्या फेरीत दाखवायची. अडचण अशी की विरोधकही बोलतच असतात. तुमच्या डावीकडचा थेट '4 बदाम' म्हणतो, भिडू पास करतो, आणि आता चौकट सांगायला 5 च्या पातळीवर जावं लागतं, तेही एकट्याच्या जबाबदारीवर. भिडूच्या मनात तुमची चौकट कधी आलेलीच नसते.

आता भिडूची पानं पाहा: इस्पिक 5, 2, बदाम 7, 6, 3, चौकट राजा, राणी, 8, 4, किलवर 9, 8, 7, 3. विरोधक 4 बदाम आरामात करतील. ते व्हल्नरेबल नसतील, म्हणजे त्या डावात त्यांची बक्षिसं आणि दंड लहान असतील, तर त्यांना 420 गुण मिळतील. तुम्ही 5 चौकट म्हणून खेळलात तर इस्पिकचा एक्का, एक बदाम आणि दोन किलवर असे चार हात जातील. 11 हवे होते, 9 होतील. विरोधकांनी डबल केलं आणि तुम्हीही व्हल्नरेबल नसलात तर दंड 300. म्हणजे हरूनही 120 गुणांचा फायदा. याला सॅक्रिफाइस म्हणतात. तुम्ही व्हल्नरेबल असाल तर मात्र त्याच दोन हातांचा दंड 500 होतो आणि सौदा तोट्यात जातो.

हा हिशेब भिडूनं करायचा असतो. त्यासाठी त्याला दोन्ही रंग कळलेले हवेत, आणि 4 बदामच्या आधी कळलेले हवेत.

एका बोलीत दोन रंग

यावरचा पहिला मोठा उपाय अमेरिकेत निघाला. 1940 च्या दशकात अल रॉथ या खेळाडूनं 2 नो-ट्रम्प या बोलीचा अर्थच बदलला. विरोधकांच्या सलामीवर एकदम 2 नो-ट्रम्प म्हणणं ऐकायला भरभक्कम, समतोल पानांसारखं वाटतं. पण तशी पानं असताना डबलनं सुरुवात करता येते, त्यामुळे ही बोली जवळपास रिकामीच पडून होती. रॉथनं तिला अर्थ दिला: न बोललेल्या रंगांपैकी खालचे दोन, प्रत्येकी किमान पाच पानं. हीच पुढे 'अनयूज्वल नो-ट्रम्प' म्हणून रूढ झाली.

दुसरी कल्पना माइक मायकेल्स यांची. विरोधकांनी 1 बदाम म्हटलंय आणि तुम्हीही 2 बदाम म्हणता. शब्दशः घेतलं तर यात काही अर्थ नाही, त्यांच्याच रंगाला हुकूम कोण करेल? म्हणूनच ही बोलीही मोकळी होती. मायकेल्स पद्धतीत किलवर किंवा चौकटच्या सलामीवर अशी बोली म्हणजे बदाम आणि इस्पिक दोन्ही. बदामच्या सलामीवर ती म्हणजे इस्पिक अधिक किलवर-चौकटपैकी कुठलातरी एक. इस्पिकच्या सलामीवर बदाम अधिक त्या दोनपैकी एक.

खरा वाद त्या 'कुठलातरी एक'वर आहे.

वरच्या उदाहरणात तुम्ही 2 बदाम म्हणता, डावीकडचा 4 बदाम. भिडूला इस्पिक कळलं, दुसरा रंग कळला नाही. तो चौकट असेल तर त्याची राजा-राणी सोन्यासारखी आणि सॅक्रिफाइस स्वस्त. किलवर असेल तर त्याच राजा-राणीनं विरोधकांच्या डावात एखादा हात मारता आला असता, आणि 5 किलवरला कदाचित तीन हात कमी पडतील. दंड 500, म्हणजे 420 वाचवायला 500 मोजले. भिडू 4 नो-ट्रम्प म्हणून 'तुझा दुसरा रंग सांग' असं विचारू शकतो, पण तोवर तो 5 च्या पातळीवर अडकलेला असतो. जे विचारून मग ठरवायचं होतं, ते ठरवून मग विचारावं लागतं.

फ्रेंच खेळाडू पिएर गेस्टेम यांच्या नावाची पद्धत नेमकी ही फट बुजवते. गेस्टेम 1956 मध्ये बर्म्युडा बोल म्हणजे ब्रिजचं जागतिक अजिंक्यपद जिंकणाऱ्या फ्रान्सच्या संघात होते. ड्राफ्ट्स या पटावरच्या खेळातही ते जगज्जेते होते. हिशेब साधा आहे. विरोधकांचा एक रंग सोडला की तीन उरतात, आणि तिनांतून दोनच्या जोड्या तीनच होतात. मग तीन जोड्यांना तीन बोल्या द्या: 2 नो-ट्रम्प म्हणजे खालचे दोन, 3 किलवर म्हणजे वरचे दोन, आणि विरोधकांचाच रंग म्हणजे सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा. (याच्या थोड्या वेगळ्या आवृत्त्याही खेळल्या जातात.) आपल्या उदाहरणात तुम्ही 3 किलवर म्हणता, भिडूला इस्पिक-चौकट तत्काळ कळतं आणि 4 बदामवर तो निर्धास्तपणे 5 चौकट म्हणतो.

कागदावर गेस्टेम सरळ वरचढ आहे. मग सगळे तीच का खेळत नाहीत?

विसरण्याची किंमत

ब्रिजमधली गणितं इथे उपयोगी पडतात. किमान 5-5 अशी दोन रंगांची पानं येण्याची शक्यता साडेपाच टक्क्यांच्या आसपास आहे. 24 डावांच्या एका संध्याकाळी एका खेळाडूच्या वाट्याला अशी पानं सरासरी एखाद-दुसऱ्या वेळी येतात. त्यातही तुमच्या आधी विरोधकांनी सलामी द्यायला हवी, आणि त्यांचा रंग तुमच्या दोनपैकी नको. म्हणजे नियमित खेळणाऱ्यालासुद्धा विशेष अर्थाची 3 किलवर ही बोली अनेक संध्याकाळींतून एकदा लागते.

उलट तिचा साधा अर्थ, 'माझ्याकडे लांब किलवर आहे, बाकी फारसं नाही', डोक्यात घट्ट बसलेला असतो. इतर डझनभर प्रसंगांत 3 ची बोली तेच सांगते. त्यामुळे एके दिवशी सात किलवर घेऊन बसलेला खेळाडू सवयीनं 3 किलवर म्हणतो. भिडू कराराप्रमाणे विरोधकांना सांगतो, 'इस्पिक आणि चौकट.' आणि स्वतःकडे चार इस्पिक बघून उडी मारतो, 4 इस्पिक. समोर एकच इस्पिक असतं. गेस्टेम खेळणाऱ्यांत हा अपघात इतका ठरलेला आहे की पद्धतीचं नाव काढलं तरी जुने खेळाडू हसतात.

आपलाच तोटा झाला असता तर विषय तिथेच मिटला असता. पण चौघांपैकी दोघं विरोधक आहेत आणि ब्रिजचे नियम त्यांच्या बाजूनं बरंच काही बोलतात.

ब्रिजमध्ये गुप्त संकेत चालत नाहीत. जोडीनं ठरवलेला प्रत्येक अर्थ विरोधकांना कळायलाच हवा. मात्र विरोधकांना हक्क असतो तो तुमच्यातल्या कराराचा, तुमच्या हातातल्या पानांचा नाही. करार 'इस्पिक-चौकट' असाच असेल आणि तुम्ही चुकून किलवर घेऊन तो वापरला असेल, तर नियमभंग होत नाही. विरोधक गोंधळले तरी त्यांना भरपाई नाही. उलट करारच वेगळा असेल आणि भिडूनं चुकीचं सांगितलं असेल, तर तो नियमभंग, आणि स्पर्धा संचालक निकालाचे गुण बदलू शकतो. दोन्हींपैकी काय घडलं, हे ठरवताना पुरावा नसेल तर संचालकानं चुकीचं स्पष्टीकरण दिलं गेलं असंच धरायचं, असं नियम सांगतात. 'आम्ही खरंच असंच खेळतो' हे तोंडी सांगून भागत नाही, सिस्टिम कार्डावर लिहिलेलं लागतं.

याहून अवघड भाग किलवरवाल्याचा आहे. भिडूनं 'इस्पिक-चौकट' म्हटल्याबरोबर त्याला आपली चूक आठवते. पण भिडूच्या तोंडून निघालेलं स्पष्टीकरण त्याच्यासाठी नव्हतं, ते विरोधकांसाठी होतं. त्याचा फायदा घ्यायला नियमानं मनाई आहे. त्यानं असंच धरून चालायचं की भिडूनं 3 किलवरचा अर्थ किलवर असाच घेतला, आणि तरीही 4 इस्पिक म्हटलं, म्हणजे त्याच्याकडे स्वतःचे भरपूर इस्पिक आहेत. तेव्हा पास. समोर दरी दिसतेय आणि पाऊल टाकावंच लागतंय. तो 5 किलवर म्हणून सटकला तर संचालक हमखास येणार, आणि क्लबात पुढच्या चहापर्यंत वातावरण तापलेलं राहणार.

आंतरराष्ट्रीय सामन्यांत टेबलावर तिरका पडदा असतो. प्रत्येक खेळाडूच्या बाजूला एक विरोधक बसतो, भिडू पलीकडे. स्पष्टीकरण फक्त शेजारच्या विरोधकाला, तेही लिहून. त्यामुळे भिडूच्या उत्तरानं चूक आठवण्याचा प्रश्न तिथे जवळपास उरत नाही. (एकाच बोलीचे दोन विरोधकांना दोन वेगळे अर्थ सांगितले जाऊ शकतात, हा पडद्याचा स्वतःचा ताप.) क्लबात पडदे नसतात. म्हणजे जगज्जेते ज्या सुरक्षित वातावरणात अवघड पद्धती वापरतात, ते वातावरणच हौशी जोडीकडे नसतं. पुस्तकातून पद्धत उचलताना हा फरक सहसा लक्षात घेतला जात नाही.

कोविडच्या काळात क्लब बंद पडले आणि खेळ ऑनलाइन गेला, तेव्हा चित्र थोडं पालटलं. संगणकावर बोली देणाराच तिचा अर्थ टाइप करतो, भिडूला तो दिसत नाही. हा पडद्यासारखाच बंदोबस्त, तोही घरबसल्या. ऑनलाइन जमलेली अवघड पद्धत क्लबाच्या टेबलावर आणायची असेल, तर मधला हा बदल हिशेबात धरावा लागतो.

सांगितलेलं विरोधकही ऐकतात

दोन रंग दाखवण्याच्या सगळ्याच पद्धतींचा एक तोटा आहे, तो पद्धत अचूक असो वा ढोबळ. भिडूला नकाशा दिला की तो विरोधकांनाही मिळतो.

समजा शेवटी विरोधकच 4 बदाम खेळतात. त्यांच्याकडे नऊ बदाम आहेत, राणी नाही. बाहेर चार बदाम असताना एक्का-राजा मारून राणी पडते का बघणं, हा नेहमीचा खेळ. पण तुम्ही इस्पिक आणि चौकट मिळून दहा पानं दाखवली आहेत. बदाम आणि किलवर मिळून तुमच्याकडे तीनच पानं उरतात. तुम्ही दोनदा किलवर टाकलंत की तुमच्याकडे जास्तीत जास्त एक बदाम. राणी बहुतेक भिडूकडे, हे खेळणाऱ्याला कळतं आणि तो तिला बरोबर पकडतो. तुमच्या बोलीशिवाय हे त्याला दिसलं नसतं.

म्हणून अनुभवी खेळाडू स्वतःला आधी विचारतात, हा डाव आपल्याकडे येण्याची शक्यता किती? सॅक्रिफाइसला दंड महाग असेल आणि पानं विखुरलेल्या चिल्लरीची असतील, तर गप्प बसणं स्वस्त पडतं.

ताकदीचा प्रश्नही इथेच येतो. एक विचार असा, की या बोल्या फक्त कमजोर किंवा फक्त खूप जोरदार पानांवर द्याव्यात, मधल्या पानांवर साधी एका रंगाची बोली द्यावी. कमजोर असाल तर एकदा सांगून गप्प, जोरदार असाल तर पुन्हा बोलायचं; भिडूचा गोंधळ होत नाही. दुसरा विचार, दोन रंग असले की ताकद कितीही असो, सांगून टाका, कारण विरोधक दुसरी संधी देतीलच असं नाही. माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण यावर जोडीचं एकमत नसेल तर कुठलीही पद्धत घ्या, फुटणारच.

आणखी एक पळवाट काही जण शोधतात. 5-5 क्वचित येतात, पण नेमकी 5-4 पानं जवळपास दर चार वाटपांत एकदा येतात. मग 5-4 वरही याच बोल्या दिल्या तर वापर वाढेल, विसरणं कमी होईल. हे खरं आहे. फक्त भिडू तुमच्या चार पानांच्या रंगाला पाच समजून 3 किंवा 4 च्या पातळीवर चढला, की तो एक कमी पडलेला हुकूम फार जाणवतो.

नियम बनवणाऱ्यांची भूमिका

जागतिक ब्रिज महासंघ पद्धतींची वर्गवारी करतो. एका रंगाच्या नैसर्गिक सलामीवर दिलेली बोली एखाद्या ठरलेल्या रंगात किमान चार पानं दाखवत नसेल, तर काही अपवाद सोडता ती 'ब्राउन स्टिकर' गटात मोडते आणि तिच्यावर अनेक स्पर्धांत बंधनं येतात. 'दोन लाल किंवा दोन काळे रंग' अशी बोली या कचाट्यात सापडते, कारण चारपैकी एकही रंग पक्का नाही. मायकेल्स सुटते, तिच्यात एक रंग नेहमी ठरलेला असतो. गेस्टेममध्ये तर दोन्ही. विरोधकांकडे तयारीला काही सेकंदच असतात. धरायला एक तरी खुंटी त्यांना मिळावी, एवढाच यामागचा विचार.

पॅरिसमध्ये मार्च 2022 मध्ये नूक नावाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीनं आठ जगज्जेत्यांना पत्ते खेळण्यात मागे टाकलं, तेव्हा बातमी जगभर गाजली. त्या आव्हानातून बोलीचा भाग वगळलेला होता.

मग निवडायचं काय?

नव्या किंवा महिन्यातून दोनदा बसणाऱ्या जोडीनं मायकेल्स आणि अनयूज्वल नो-ट्रम्प घ्यावं, आणि 3 किलवरला किलवरच राहू द्यावं. एक रंग अंधारात राहतो, काही सॅक्रिफाइस हुकतात, पण चुकलं तर नुकसान मर्यादित असतं. शिवाय लांब किलवरची साधी बोली हातात राहते, जी गेस्टेममध्ये सोडावी लागते.

दर आठवड्याला एकाच भिडूबरोबर खेळणाऱ्यांनी, विशेषतः ज्या स्पर्धांत एकेका सॅक्रिफाइसवर सामना फिरतो तिथे, दोन्ही रंग लगेच सांगणारी पद्धत जरूर आजमावावी. मात्र आधी कार्डावर चार ओळी लिहाव्यात: चारही सलामींवर तीन बोल्यांचा अर्थ काय, किमान पानं किती, ताकद किती, आणि मधल्या खेळाडूनं डबल केलं तर पुढच्या बोलीचा अर्थ काय. शेवटची ओळ बहुतेक जोड्या लिहीत नाहीत. तुमच्या 3 किलवरवर विरोधकांनी डबल केलं आणि भिडूनं पास केलं, तर तो 'मला किलवरच खेळायचं आहे' म्हणतोय की 'तूच ठरव', हे टेबलावर बसून ठरवता येत नाही.